दोन वह्या, पण प्रमाण कुठली?

चालू दुकानाची हिशोबाची वही बदलायची कशी, असा आजचा आपला प्रश्न आहे. अॅमेझॉनच्या ग्राहक-व्यवसायाने 2019 मध्ये ओरॅकलचे सुमारे 7,500 डेटाबेस सोडून 75 पेटाबाइट माहिती क्लाउडवर नेली. एवढी माहिती हलवणं कष्टाचं खरं, पण खरी अडचण वेगळीच. हलवताना विक्री थांबत नाही.

समजा, दुकानात एकच कुकर उरलाय. काउंटरवर तो विकला, जुन्या यंत्रणेत नोंद झाली. नवीला अजून पत्ता नाही. तिने तोच कुकर ऑनलाइन विकला! मग आपल्याला वाटतं, दोन्हीकडे एकदमच लिहू या. पण एक नोंद झाली आणि दुसरी अडकली, तर खरी कुठली? आम्ही तत्त्वज्ञानवाले याला प्रमाणाचा प्रश्न म्हणतो.

तो आधीच सोडवायचा. शिल्लक मालाबाबत सध्या जुनी यंत्रणाच प्रमाण. तिच्यातला प्रत्येक बदल क्रमाने, क्रमांकासह नवीकडे जातो. तोच क्रमांक पुन्हा आला, तर दुसऱ्यांदा धरायचा नाही. ही नक्कल थोडी मागेच असते, म्हणून ऑनलाइन विकण्याआधी नवीने जुनीला विचारायचं. रोज दोन्हींचा ताळा घ्यायचा. तो सातत्याने जुळू लागला, की अधिकार नवीकडे द्यायचा. जुनी काही काळ मागे चालू ठेवायची, परतीची वाट म्हणून.

पैसे भरलेल्या गिऱ्हाइकाला कुकर मिळणार की नुसती दिलगिरी, हे या निर्णयावर ठरतं.