सॉल्ट लेकमध्ये पाळणाघर काढायचंय? परवान्यापासून पाळण्यापर्यंत

सकाळी सेक्टर ५ कडे निघालेल्या बसमधल्या आणि मेट्रोमधल्या तरुण आईबाबांच्या पाठीवर लॅपटॉपची बॅग असते आणि डोक्यात एकच विचार: बाळाला सांभाळणारी बाई आज वेळेवर आली असेल ना? पुण्या-मुंबईहून किंवा नागपूरहून नोकरीसाठी इथे आलेल्या मराठी कुटुंबांना तर आजी-आजोबा हाकेच्या अंतरावर नसतात. आया सेंटरची बाई आज एक, उद्या दुसरी. मग घरातली रिकामी खोली पाहून कुणाच्या तरी मनात येतं, 'आपणच छोटं पाळणाघर सुरू केलं तर?'

विचार चांगला आहे आणि गरजही खरी आहे. गाडी अडते ती पहिल्याच प्रश्नावर: याचा परवाना मिळतो कुठे?

उत्तर थोडं विचित्र आहे. खासगी पाळणाघराला परवाना देणारा, देशभर लागू असलेला एकच कायदा आपल्याकडे नाही. त्याऐवजी अनेक खिडक्या आहेत. एक खिडकी व्यवसाय पाहते, दुसरी आगीची सोय, तिसरी स्वयंपाकघर. एका वेळी तीन बाळं रडली तर त्यांना उचलायला किती हात आहेत, हा प्रश्न व्यवसाय परवान्याच्या अर्जात नसतो. म्हणून पाळणाघर काढणाऱ्याला दोन कामं करावी लागतात. सगळी कागदपत्रं मिळवायची आणि कागदपत्रांत जे नाही ते स्वतःहून पाळायचं.

आधी जागा, मग रंगरंगोटी

बहुतेक जणी आधी भिंतींवर ससे-हत्ती रंगवतात आणि मग परवान्याच्या मागे लागतात. सॉल्ट लेकमध्ये हा क्रम महागात पडू शकतो.

इथले भूखंड मुळात राज्य सरकारने ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेले आहेत आणि निवासी भूखंडाच्या करारात 'राहण्यासाठी' ही अट असते. त्यामुळे पहिल्या दिवशी एकच काम करा: घरमालकाकडून भाडेपट्ट्याचा कागद मागून तो नीट वाचा. वापर बदलण्यासाठी परवानगी लागणार असेल, तर राज्याच्या नगरविकास खात्याच्या 'नगरायण' इमारतीत, म्हणजे सेक्टर १ मधल्या डीएफ ब्लॉकमध्ये, चौकशी करा. सहकारी गृहनिर्माण संस्थेतला फ्लॅट असेल तर संस्थेचं ना हरकत पत्रही लेखी घ्या. तोंडी होकारावर काम सुरू करू नका. वीस मुलांची सकाळची ये-जा सुरू झाली की शेजाऱ्यांचा सूर बदलतो.

जागा कुणाच्या हद्दीत आहे तेही पाहा. सेक्टर १, २ आणि ३ हा भाग २०१५ मध्ये स्थापन झालेल्या बिधाननगर महानगरपालिकेत येतो. सेक्टर ५ चा कारभार २००६ पासून नबदिगंत औद्योगिक नगरी प्राधिकरणाकडे आहे. पलीकडच्या न्यू टाउनसाठी तिसरंच प्राधिकरण आहे. रस्ता ओलांडला की अर्ज करायचं कार्यालय बदलतं.

कोणकोणत्या खिडक्या?

व्यवसाय परवाना: बोलीभाषेत ट्रेड लायसन्स. स्थानिक संस्थेकडे अर्ज करायचा. ओळखपत्र, पॅन कार्ड, जागेच्या कराची पावती, भाडेकरार आणि मालकाचं संमतिपत्र तयार ठेवा. व्यवसायाचं वर्णन 'ट्युशन' किंवा 'हॉबी क्लास' असं न लिहिता 'पाळणाघर' असंच लिहा. पुढे काही तपासणी झाली किंवा विमा काढायची वेळ आली, तर हा एक शब्द महत्त्वाचा ठरतो.

दुकाने व आस्थापना नोंदणी: पश्चिम बंगालमध्ये यासाठी १९६३ चा कायदा आहे. कर्मचाऱ्यांचे कामाचे तास आणि सुट्ट्या यांचा हिशेब इथून सुरू होतो. व्यवसाय कराची नोंदणीही विसरू नका.

उद्यम नोंदणी: लघुउद्योग म्हणून होणारी ही नोंदणी ऑनलाइन आणि मोफत असते. बँकेकडे कर्ज मागताना तिचा उपयोग होतो. 'करून देतो' म्हणत पैसे मागणाऱ्यांपासून दूर राहा.

अन्न नोंदणी: मुलांना जेवण किंवा खाऊ तुम्ही देणार असाल तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे नोंदणी करा. घरून डबा येणार असला तरी दूध तापवणं, बाटल्या उकळणं आणि पिण्याच्या पाण्याची सोय तुमच्याच अंगावर असते.

अग्निसुरक्षा: तुमच्या इमारतीला आणि मुलांच्या संख्येला काय लागू होतं, हे अग्निशमन खात्याकडून लेखी घ्या. इथे तमिळनाडूतल्या कुंभकोणमची आठवण ठेवावी. १६ जुलै २००४ रोजी तिथल्या शाळेत स्वयंपाकघराच्या गवती छपराला लागलेली आग वरच्या वर्गांपर्यंत पोहोचली आणि ९४ मुलं गेली. म्हणूनच पाळणाघर शक्यतो तळमजल्यावर असावं, शेगडी मुलांच्या खोलीपासून दूर असावी आणि बाहेर पडायला दुसरी वाट असावी. ही वाट कपाटं किंवा सायकली ठेवून कधीच अडवू नये.

पोलिस पडताळणी: स्वयंपाकीण, आया, सफाई कामगार, गाडीचा चालक अशा प्रत्येकाची पडताळणी बिधाननगर पोलिसांकडून करून घ्या. कुणी ओळखीतून आलं असेल तरीही.

या सगळ्याबरोबर, राज्याच्या महिला व बालविकास खात्याचे खासगी पाळणाघरांसाठी सध्या कोणते आदेश आहेत, हे उत्तर २४ परगणा जिल्ह्याच्या बारासात येथील कार्यालयात लेखी विचारा. मिळालेलं उत्तर फाइलला लावून ठेवा.

सेक्टर ५ ची संधी

२०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली आणि ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करणं बंधनकारक झालं. आईला दिवसातून चार वेळा बाळाला भेटायची मुभा आहे आणि विश्रांतीची वेळही त्यातच धरली जाते. ही सोय कंपनी स्वतंत्रपणे करू शकते किंवा इतरांबरोबर सामाईकही. पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आली.

पाळणाघर कामाच्या जागेपासून ५०० मीटरच्या आत असावं, असं केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं सुचवतात. म्हणजे सेक्टर ५ मध्ये किंवा त्याच्या अगदी लगत, सगळी कागदपत्रं चोख असलेलं पाळणाघर उभं राहिलं, तर ते चार कंपन्यांना मिळून सेवा देऊ शकतं. कंपनीशी लेखी करार झाला की महिन्याच्या उत्पन्नाची चिंताही कमी होते.

कागदावर नसलेलं काम

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने नोव्हेंबर २०१८ मध्ये पाळणाघरांसाठी किमान मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. ती कामाच्या ठिकाणच्या पाळणाघरांसाठी आहेत, पण गल्लीतल्या छोट्या पाळणाघरालाही याहून चांगली मोजपट्टी मिळणार नाही.

मूल ६ महिने ते ६ वर्षांचं असावं. प्रत्येक मुलामागे १० ते १२ चौरस फूट जागा हवी. १५ मुलं घ्यायची असतील तर १८० चौरस फूट मोकळी जमीन लागेल. कपाटं, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यात धरायचं नाही. ३ वर्षांखालच्या १० मुलांमागे एक प्रशिक्षित कार्यकर्ती आणि मदतीला मदतनीस. ३ ते ६ वर्षांच्या मुलांसाठी हेच प्रमाण २० ला एक. मुलं आत असताना प्लंबर, इलेक्ट्रिशियन, चालक यांना प्रवेश नाही.

पण हे किमान आहे, हे लक्षात असू द्या. इंग्लंडमधल्या पाळणाघरांत २ वर्षांखालच्या दर ३ बाळांमागे एक मोठी व्यक्ती असावी लागते. आपल्याकडे एकटीच्या वाट्याला १० रांगती बाळं येतात. आग लागली, तर ती एका वेळी किती जणांना उचलेल? दोन. म्हणून तान्ह्या बाळांसाठी ५ ला एक असं प्रमाण ठेवता आलं तर ठेवा आणि फी त्या हिशेबाने ठरवा. पाळणाघराच्या खर्चात पगाराचा वाटा सगळ्यात मोठा असतो. शेजारच्यापेक्षा खूपच कमी फी ठेवायची म्हणजे बहुतेक वेळा एक ताई कमी करायची.

माणसं कमी पडली की काय होतं याचे वेगवेगळे अंदाज बांधता येतील, पण राग आणि मार कॅमेऱ्याने थांबत नाहीत हे मात्र आपण पाहिलं आहे. जुलै २०१४ मध्ये सॉल्ट लेकच्या शेजारच्या लेक टाउनमध्ये एका शिकवणाऱ्या बाईने साडेतीन वर्षांच्या मुलाला घरातच मारलं. नोव्हेंबर २०१६ मध्ये नवी मुंबईतल्या खारघरला एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला मारहाण झाली. दोन्ही ठिकाणी कॅमेरा चालू होता. त्याने पुरावा दिला, मार थांबवला नाही. कॅमेरे जरूर लावा, पण एका खोलीत एकटी ताई कधीच ठेवू नका. दोघी असल्या की थकलेलीला बाजूला बसता येतं.

कायदाही कडक आहे. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७५ नुसार, मुलांची काळजी सोपवलेल्या संस्थेतल्या कर्मचाऱ्याने किंवा चालकाने मुलाचा छळ केला तर ५ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि ५ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 'घरातल्या घरात मिटवू' ही पळवाट तिथे नाही.

सॉल्ट लेकच्या खास गोष्टी

हे उपनगर खाऱ्या पाणथळ जमिनीवर भराव टाकून उभं राहिलं आहे. जोराच्या पावसात काही रस्त्यांवर पाणी साचतं. तळमजल्याची जागा घेण्याआधी पावसाळ्यात तिथे पाणी शिरतं का, हे मालकापेक्षा समोरच्या दुकानदाराला विचारा.

दुसरी गोष्ट डेंग्यूची. हा डास दिवसा चावतो, म्हणजे नेमका मुलांच्या झोपेच्या वेळी. कुंड्यांच्या ताटल्या, कूलर, गच्चीवरचे रिकामे डबे आठवड्यातून एकदा कोरडे करा आणि दुपारीही मच्छरदाणी लावा.

तिसरी गोष्ट भाषेची. मराठी घरातलं दीड वर्षाचं मूल 'पाणी' म्हणेल, सांभाळणारी मावशी 'जॉल' म्हणेल. ते 'शू' म्हणेल, तिच्या कानाला 'हिशू'ची सवय असेल. प्रवेशाच्या अर्जात एक रकाना ठेवा: 'मूल घरी कोणते शब्द वापरतं?' पाणी, भूक, शू, दुखतंय आणि झोपताना हवी असलेली वस्तू, हे पाच शब्द लिहून घेतले तरी पहिल्या आठवड्याचं निम्मं रडं कमी होईल.

आईबाबांनी काय विचारावं?

परवाना भिंतीवर लावलेला आहे का ते पाहाच. मग हे विचारा:

• आज किती मुलं आहेत आणि किती ताया आल्या आहेत?
• एखादी ताई रजेवर गेली तर तिच्या जागी कोण येतं?
• न कळवता दुपारी आलो तर आत येऊ द्याल का?
• मुलाला घ्यायला कोण येऊ शकतं, हे लिहून घेता का?
• ताप आला तर कुणाला फोन करता? औषध आमच्या लेखी परवानगीशिवाय देत नाही ना?
• आग लागली तर बाहेर पडायची दुसरी वाट दाखवाल?

चांगल्या पाळणाघराला या प्रश्नांचा राग येत नाही. आणि मुलांची मदतवाहिनी १०९८ तुमच्या फोनमध्ये असू द्या.

आपल्याकडे हे नवं नाही

पाळणाघर म्हणजे शहरी नोकरदारांची चैन, असं अजूनही काहींना वाटतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघरच्या कोसबाडमध्ये आदिवासी मुलांसाठी 'विकासवाडी' उभी केली, तेव्हा एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ठेवली. कारण साधं होतं. धाकट्या भावंडाला सांभाळायला कुणी असेल, तरच मोठी बहीण शाळेत येईल. १९६९ मध्ये मीरा महादेवन यांनी दिल्लीत बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी 'मोबाइल क्रेश' सुरू केलं, तेही अशाच गरजेतून.

या बायकांनी आधी मूल पाहिलं, मग जागा आणि मग कागद. आज तुम्हाला कागदापासून सुरुवात करावी लागेल आणि ती करायलाच हवी. या आठवड्यात भाडेपट्टा वाचा, पुढच्या आठवड्यात महापालिकेत जा. आणि मुलांची संख्या ठरवताना जागा किती आहे त्याआधी हात किती आहेत ते मोजा.