टायर थंडीचे, टायर उन्हाळ्याचे

"मावशी, नंतर बोलते गं, आत्ता टायर बदलायला निघालोय!"

२०२३ च्या दसऱ्याला जर्मनीतल्या भाचीला शुभेच्छा द्यायला फोन लावला, तर हे उत्तर. मला वाटलं, गाडी पंक्चर झाली असेल. तर म्हणे, "छे गं, उन्हाळ्याचे काढायचे आणि हिवाळ्याचे बसवायचे. तळघरात ठेवलेत." मी हसतच सुटले. आपण दिवाळी झाली की माळ्यावरच्या गोधड्या काढतो, उन्हं दाखवतो, तसे हे लोक टायर काढतात! संध्याकाळी ह्यांना सांगितलं. गेल्या वर्षी थंडीच्या चार टायरना चारशे युरो मोजले, म्हणजे आपले पस्तीस हजाराच्या घरात, हे ऐकून ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "चांगले टायर असताना दुसरे? नुसती उधळपट्टी!"

मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं. आता मात्र तसं वाटत नाही. पण ते मे महिन्यात कळलं, तेही भर उन्हात, रस्त्याच्या कडेला उभं राहून.

आधी जर्मनीचं पुरं करते. मैत्रिणींनो, मी बी.ए. मराठीची. रबराचं शास्त्र मला कुठून कळणार! पण जावईबापूंनी फोनवर फार सोपं करून सांगितलं. "मावशी, थंडीत तुमच्या खोबरेल तेलाची बाटली कशी थिजते? रबराचंही जवळपास तसंच." नेहमीच्या टायरचं रबर साधारण सात अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं. कडक रबर रस्त्याला धरत नाही, ब्रेक दाबला तरी गाडी पुढे घसरत जाते. थंडीच्या टायरचं रबर वेगळं, गारठ्यातही मऊ राहणारं. शिवाय त्याच्या नक्षीत बारीक बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरतात. म्हणजे बर्फ पडलेलाच हवा असं नाही. ओल्या, गारठलेल्या रस्त्यावरही फरक पडतो.

तिकडे हा हौसेचा मामलाही नाही. रस्त्यावर बर्फ किंवा गोठलेलं पाणी असताना थंडीचे टायर नसले तर जर्मनीत दंड होतो. २०१० साली हा कायदा स्पष्ट केला गेला. २०२४ च्या ऑक्टोबरपासून तर टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाचं फूल अशी खूण असेल तरच तो थंडीचा टायर धरतात. कॅनडातल्या क्युबेक प्रांतात तारखाच ठरलेल्या आहेत, १ डिसेंबर ते १५ मार्च. जर्मनीत लोक ढोबळमानाने ऑक्टोबर ते ईस्टर असा हिशोब ठेवतात. आपल्याकडे दसरा ते पाडवा म्हणतात ना, तसाच!

उधळपट्टीचा मुद्दाही मी काढलाच. भाची म्हणाली, "मावशी, एक जोड वापरात असतो तेव्हा दुसरा झिजत नाही. दोन्ही मिळून दुप्पट दिवस चालतात. वरखर्च काय तो बदलायच्या मजुरीचा आणि ठेवायच्या जागेचा." बरोबर आहे की! दोन साड्या आलटूनपालटून नेसल्या तर एकीचे पैसे वाया जात नाहीत. फक्त टायर तळघरात पडून राहिला तरी म्हातारा होतो. त्यामुळे ज्याची गाडी फारशी फिरतच नाही, त्याला हा हिशोब परवडत नाही, हेही तिनेच सांगितलं.

मग आपण संभाजीनगरात असे टायर घ्यावेत का? अजिबात नाही. आपल्याकडे ऐन थंडीतल्या पहाटे पारा आठ-दहावर आला तर पेपरात बातमी होते, आणि दुपारी बारा वाजता स्वेटर काढून कमरेला बांधावा लागतो. ते मऊ रबर आपल्या उन्हात भराभर झिजेल, शिवाय उन्हाळ्यात त्याचा ब्रेकही लांब लागतो. विषय संपला, असं मला वाटलं होतं.

२०२४ चा मे महिना. जालन्याला आमच्या बचत गटांच्या मालाचा स्टॉल होता. पापड, कुरडया, शेवया. परतताना आमच्या गाडीत हे, मी, गटातल्या दोघीजणी, त्यातल्या एकीचा दोन वर्षांचा नातू तिच्या मांडीवर, आणि मागे उरलेल्या मालाचे डबे. दुपारचे तीन वाजलेले. बदनापूर मागे पडलं आणि फाट्कन असा आवाज झाला की मला वाटलं, ट्रकच धडकला. गाडी उजवीकडे ओढायला लागली. समोरून बस येत होती. ह्यांनी ब्रेक न दाबता नुसतं स्टिअरिंग घट्ट धरून ठेवलं, गाडीचा वेग आपोआप उतरू दिला आणि मग कडेला घेतली. ब्रेक कचकन दाबला असता तर गाडी फिरली असती, हे आम्हाला मागून समजलं. बस अगदी जवळून गेली. मांडीवरचं बाळ झोपेतून उठून रडायला लागलं आणि त्याची आजी मला विचारत होती, "ताई, काय फुटलं ओ? काय फुटलं?"

उजवीकडचा पुढचा टायर चिंध्या झाला होता. स्टेपनी काढली, तर तिच्यात हवाच नाही! सात वर्षांत कुणी बघितलंच नव्हतं. आपल्या घरातलं प्रथमोपचाराचं औषध असतं ना, मुदत उलटून गेलेलं, तशातली गत. एका ट्रकवाल्या दादांनी थांबून हवा भरून दिली म्हणून करमाडपर्यंत आलो.

तिथल्या टायरवाल्याने फुटलेला टायर बघितला आणि ह्यांना विचारलं, "साहेब, गाडी किती साली घेतली?" हे म्हणाले, "दोन हजार सतराची दिवाळी. पण बत्तीस हजार किलोमीटरच चाललीय, नक्षी बघा ना केवढी आहे!" त्यावर तो उकिडवा बसला आणि बाजूच्या टायरवरची धूळ पुसून मला दाखवलं. टायरच्या अंगावर एका लंबगोल चौकटीत चार आकडे होते, ३२१७. म्हणजे २०१७ सालचा ३२ वा आठवडा. टायरचा जन्मदाखलाच तो! सात वर्षं रोज गाडीखाली बघतेय, पण हा कधी दिसला नव्हता. मग त्याने टायरच्या भिंतीवरून अंगठा फिरवला. बारीक बारीक भेगा होत्या, माझ्या टाचांना हिवाळ्यात पडतात तशा.

नक्षी शिल्लक आहे म्हणजे टायर चांगला, हा आपला समज. पण ऊन आणि हवा लागून रबर वाळतं. आमच्यासारखी गाडी आठवड्यातून दोनदा बाहेर काढणाऱ्यांची नक्षी झिजत नाही, पण टायर म्हातारा होतोच. अनेक टायर कंपन्या सांगतात, पाच वर्षं झाली की दरवर्षी तपासून घ्या, आणि दहा वर्षांनी, दिसायला कितीही चांगला असला तरी, काढून टाका. आमचा तर दहाचाही नव्हता. त्याला दुसरं कारण होतं, कमी हवा. उन्हाळ्यात हवा फुगते म्हणून थोडी कमीच भरायची, हे आमच्याकडे सासऱ्यांपासून चालत आलेलं. आणि ते चूक आहे! हवा कमी असली की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, जास्त वाकते आणि त्याने टायर आतून तापतो. वरून चाळीस-बेचाळीस अंशांचं ऊन, खाली तापलेला रस्ता, आत पाच माणसं आणि डबे. तो फुटला नसता तरच नवल. किती हवा भरायची हे ड्रायव्हरचा दरवाजा उघडला की खांबावरच्या स्टिकरवर छापलेलंच असतं. तेवढीच भरायची, आणि सकाळी, गाडी थंड असताना. (नायट्रोजन भरा म्हणून पेट्रोल पंपावर आग्रह करतात. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. महिन्यातून एकदा हवा तपासली तर साधी हवा पुष्कळ झाली.)

तरी आम्ही जुन्या रस्त्याने, सत्तरच्या वेगाने येत होतो. समृद्धी महामार्गाने आलो असतो तर? चढायचं आणि सुसाट. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला आणि ५ जून २०२५ ला सगळा ७०१ किलोमीटरचा रस्ता मुंबईच्या दारापर्यंत खुला झाला. कारला तिथे ताशी १२० ची मुभा. सरळसोट रस्ता, तासन्‌तास तोच वेग, ना खड्डा ना गतिरोधक, म्हणजे टायरला थंड व्हायला फुरसतच नाही. गावातल्या गावात भाजी आणायला चालून गेलेला टायर तिथे चालेलच असं नाही. अर्थात सगळ्याचं खापर टायरवर फोडणंही खरं नाही. १ जुलै २०२३ ला सिंदखेड राजाजवळ खाजगी बसला आग लागून २५ जण गेले, तेव्हाही आधी टायर फुटला असंच म्हटलं गेलं. परिवहन अधिकाऱ्यांच्या तपासणीत तशा खुणा मिळाल्या नाहीत. टायर बिचारा बोलत नाही, म्हणून त्याच्यावर ढकलणं सोपं.

घरी आल्यावर खरी लढाई सुरू झाली. हे म्हणाले, फुटलेला तेवढा एक बदलू. बाकीचे अजून वर्षभर चालतील, अगदी गोटा होईपर्यंत कोण बदलतं? मी गप्प बसणारी बाई आहे, पण त्या दिवशी ते बाळाचं रडणं कानात होतं. मी वही घेतली. चार टायरचे साधारण पंधरा हजार. त्याच गाडीला आधल्या वर्षी आपण सीट कव्हर आणि म्युझिक सिस्टिम मिळून अठरा हजार घातले होते, तेव्हा कुणी उधळपट्टी म्हटलं नव्हतं. पाच-सहा वर्षं टायर टिकले तर महिन्याला दोन-अडीचशे रुपये पडतात. आमच्या केबलचं बिल त्याहून जास्त आहे. हे वही बघत राहिले. मग म्हणाले, "घेऊ." (तेव्हा टायरवर २८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ झाला. आमचं नशीब नेहमीच असं, आम्ही घेतलं की स्वस्त होतं!)

दुकानात मी सोबत गेले. दुकानदार ह्यांच्याशीच बोलत होता. त्याने "नवेकोरे" म्हणून चार टायर पुढे ठेवले. मी चष्मा लावला आणि खाली वाकले. १५२१. म्हणजे तीन वर्षं गोदामात पडून! नीट ठेवलेला वर्षभराचा टायर वाईट नसतो, पण तीन वर्षं जुन्याला नव्याचे पैसे का द्यायचे? "दादा, ह्या वर्षीचे दाखवा," म्हटलं. तो आधी माझ्याकडे, मग ह्यांच्याकडे बघायला लागला. "ताईंना कुणी सांगितलं हे?" आतून दुसरे आले, फेब्रुवारीचे. किंमत तीच!

टायर आम्ही मृगाच्या आधी बदलले, हेही बरंच झालं. आपल्याला थंडीचे टायर लागत नाहीत, पण पावसाळ्याचं काय? नक्षीच्या त्या खाचा शोभेसाठी नसतात. रस्त्यावरचं पाणी त्यातून बाहेर जातं, तेव्हा कुठे रबर जमिनीला टेकतं. गोटा झालेला टायर पाण्यावर तरंगतो आणि स्टिअरिंग नुसतं हातात राहतं. पहिल्या पावसात धूळ आणि सांडलेलं तेल मिसळून जालना रोड कसा साबणासारखा होतो, हे स्कुटीवाल्या बायकांना सांगायला नको. कारच्या टायरची खाच किमान १.६ मिलिमीटर खोल हवी आणि दुचाकीची ०.८, असा आपल्याकडेही नियम आहे. मोजपट्टी लागत नाही. खाचेच्या तळाशी मध्ये मध्ये एक छोटा उंचवटा असतो. टायर झिजून त्याच्या बरोबरीला आला की संपलं. कन्नडचा घाट पावसात उतरायचा असेल तर मी म्हणेन, तिथपर्यंत वाट तरी कशाला बघायची?

म्हणून उन्हाळ्याच्या तोंडाशी हवा आणि भेगा बघायच्या, पावसाच्या तोंडाशी खाचा बघायच्या. भाचीच्या तळघराइतका खटाटोप नाही हा.

तुमच्यापैकी कित्येकींकडे कार नसेल. आमच्या गटातही दोघींकडेच आहे. पण मुलगा मोटारसायकलवर कॉलेजला जातो, आपण काळी-पिवळीत बसून माहेरी जातो, शाळेची व्हॅन रोज दारात येते. बाळाची ती आजी आता जीपमध्ये चढायच्या आधी वाकून टायर बघते. परवा एका ड्रायव्हरने तिला विचारलं म्हणे, "मावशी, काही पडलं का?" ती म्हणाली, "साल बघतेय, बाबा." तो चिडला. ती त्या जीपमध्ये बसली नाही, पुढची येईपर्यंत तासभर उन्हात उभी राहिली. घरी आल्यावर सुनेने वेड्यात काढलं ते वेगळंच.

यंदाच्या दसऱ्यालाही भाचीला फोन केला. टायर बदलून झाले होते. "गेल्या वर्षी बर्फ पडला तरी का गं फारसा?" मी विचारलं. "फारसा नाही. पण एकदा सकाळी ओल्या रस्त्यावर एक सायकलवाला मुलगा अचानक आडवा आला. गाडी थांबली." मग तिने विषय बदलून पुरणपोळीचं विचारलं.

ह्यांनी आता हवा मोजायचं छोटं यंत्र आणलंय आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी ते गाडीभोवती फिरत असतात. आल्यागेल्याला टायरवरचे आकडे वाचून दाखवतात, जणू हा शोध ह्यांचाच! मागच्या रविवारी मी सहज डिकी उघडली आणि स्टेपनीवरची धूळ पुसली. ३२१७. चार बदलले, पण पाचवा आम्ही दोघेही विसरलो होतो. "पुढच्या महिन्यात," हे म्हणाले. मी कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी लिहून ठेवलंय.