मरीन विमा : आधी सांगा, मग माल पाठवा

डोंबिवली एमआयडीसीतली रसायनं, भिवंडीच्या गोदामांतली खोकी, वागळे इस्टेटमधले यंत्रांचे भाग असा कितीतरी माल न्हावा शेवामार्गे परदेशी जातो. पॉलिसी असूनही ऐन वेळी ‘हे तुम्ही आधी सांगितलं नव्हतं’ म्हणून दावा नाकारला गेला, तर लहान कारखानदाराचं कंबरडं मोडतं. म्हणून हे गैरसमज वेळीच दूर व्हायला हवेत.

गैरसमज : मरीन विमा माल जहाजावर चढल्यावरच लागू होतो.

वस्तुस्थिती : सागरी विमा कायदा, १९६३ नुसार समुद्रप्रवासाला जोडून येणारी जमिनीवरची जोखीमही पॉलिसीत घेता येते. तशी अट असेल, तर कारखान्यापासून बंदरापर्यंतचा ट्रकचा प्रवासही त्यात येतो.

गैरसमज : कंपनीनं विचारलं नाही, मग सांगायचं कशाला?

वस्तुस्थिती : कलम २० प्रमाणे महत्त्वाची प्रत्येक गोष्ट करार होण्याआधी आपणहून सांगावी लागते. सुज्ञ विमा कंपनीचा जोखीम घ्यायचा किंवा हप्ता ठरवायचा निर्णय जिच्यामुळे बदलू शकतो, ती गोष्ट महत्त्वाची. जुनं यंत्र दुरुस्त करून, रंग देऊन पाठवताना कागदावर नुसतं ‘यंत्रसामग्री’ लिहून भागत नाही. जोखीम कमी करणारी किंवा कंपनीला ठाऊक असलेली गोष्ट मात्र विचारल्याशिवाय सांगावी लागत नाही.

गैरसमज : मुद्दाम लपवलं नाही, म्हणजे धोका नाही.

वस्तुस्थिती : अनवधानानं राहिलेली माहितीही करार रद्द करायला पुरते. धंद्याच्या ओघात जे ठाऊक असायला हवं, ते ठाऊक होतं असंच कायदा धरतो. ड्रममधल्या रसायनाचा ज्वलनबिंदू तुमच्याच सेफ्टी डेटा शीटवर असेल, तर ‘कल्पना नव्हती’ हे चालत नाही. पुढे नुकसान आगीनं न होता पाणी शिरून झालं, तरी हा दोष धुऊन निघत नाही.

गैरसमज : ब्रोकरला सांगितलं, काम झालं.

वस्तुस्थिती : ब्रोकर सहसा तुमच्या वतीनं काम करतो. त्यानं माहिती पुढे दिली नाही, तर कलम २१ मुळे तुमचीच पॉलिसी अडचणीत येते. काय कळवलं याची प्रत मागून घ्या.

गैरसमज : सचोटीचं बंधन फक्त ग्राहकावर.

वस्तुस्थिती : कलम १९ दोन्ही पक्षांना बांधतं. आपल्याला ठाऊक असलेल्या महत्त्वाच्या गोष्टी उघड करणं हे विमा कंपनीचं आणि तिच्या एजंटांचंही कर्तव्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये एमकेजे कॉर्पोरेशनच्या खटल्यात स्पष्ट केलं. म्हणून अटी, वगळलेल्या जोखमी विचारायला संकोचू नका. तो तुमचा हक्क आहे.

मालाचं खरं स्वरूप, पॅकिंग, आधीचं नुकसान हे सगळं पॉलिसी काढण्याआधी लेखी कळवा आणि पोच जपून ठेवा. थोडा हप्ता वाढला तरी चालेल. गरजेच्या वेळी पॉलिसी उभी राहिली पाहिजे.