रामटेकचा गड चढू की नको?

कार्तिक लागला की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टरसाहेब, यंदा रामटेकला जायचं आहे. गड चढू की नको?" विचारणारे बहुधा साठीच्या आसपासचे असतात आणि शेजारी बसलेला मुलगा तक्रारीच्या सुरात सांगतो, "बाबा ऐकूनच नाही राहिले." या प्रश्नाला 'हो' किंवा 'नको' असे एका शब्दात उत्तर देता येत नाही, म्हणून आज त्याविषयी सविस्तर लिहितो.

वाट तशी सोपी आहे. नागपूरपासून सुमारे पन्नास किलोमीटरवर रामटेक. तेथे टेकड्यांच्या कुशीत अंबाळा तलाव, काठाने घाट आणि जुनी देवळे. तलावाकाठी थोडे सपाटीवर चालायचे आणि मग दगडी पायऱ्यांनी वर जायचे. गाव आणि गडमाथा यांच्या उंचीत साधारण ५०० फुटांचा फरक. वर राममंदिर आहे. वाकाटकांच्या काळातील, म्हणजे सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीची नरसिंहाची मंदिरेही याच टेकडीवर आहेत. 'मेघदूता'तला रामगिरी तो हाच, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी साधार मांडले. कार्तिक पौर्णिमेच्या मध्यरात्री गडावर त्रिपूर जळतो. कोकणातल्या माणसाला दीपगृह, तसा आम्हा वैदर्भीयांना हा उजेड! तो पाहण्याची ओढ मी समजू शकतो.

आता शरीराचा हिशेब पाहू. सत्तर किलो वजनाच्या माणसाला ५०० फूट वर नेण्यासाठी साधारण १०० कॅलरी खर्च होतात. ज्वारीच्या एका भाकरीतून तेवढी शक्ती सहज मिळते. (तेव्हा 'गड चढून आलो' म्हणून चार सांबारवड्या हाणणाऱ्यांनी वजन कमी होण्याची आशा धरू नये.) शक्ती थोडी लागते, पण ती थोड्या वेळात लागते, ही खरी अडचण. सपाटीवर चालताना लागतो त्याच्या दुप्पट-तिप्पट प्राणवायू पायऱ्या चढताना लागतो. तो पुरवण्यासाठी हृदय जोराने धावते आणि जोराने धावणाऱ्या हृदयाला स्वतःलाही जास्त रक्त हवे असते. त्याच्या रक्तवाहिन्या आतून अरुंद झालेल्या असतील तर घरी खुर्चीत बसून काही कळत नाही. पायऱ्यांवर कळते.

म्हणून कोणता दम साधा आणि कोणता नव्हे, हे ओळखता आले पाहिजे. चढताना सोबत्याशी बोलता येते, पण अभंग म्हणता येत नाही, इतका दम लागणे ठीक. दोन मिनिटे बसल्यावर तो ओसरतो. मात्र छातीच्या मध्यभागी दाब, आवळल्यासारखे किंवा जळजळ, जबड्यात अथवा डाव्या हातात कळ, अंगाला थंड घाम, डोळ्यांपुढे अंधारी, यांपैकी काही झाले तर तेथेच खाली बसावे. स्त्रियांना आणि मधुमेहींना कित्येकदा छातीत दुखतच नाही. नुसता अवेळी दम आणि कासावीस. आपल्याकडे अशा वेळी 'गॅस झाला असेल' म्हणून सोडा पाजतात आणि "आता थोडंच राहिलं" म्हणून पुढे चालायला लावतात. ही समजूत जीव घेऊ शकते. चढताना येणारी आणि थांबल्यावर जाणारी कळ हृदयाचीच समजावी आणि त्याच आठवड्यात ई.सी.जी. व तपासणी करून घ्यावी. पाच मिनिटे बसूनही ती गेली नाही तर १०८ ला फोन करावा. रुग्णाला चालवत खाली आणू नये. जिभेखालची गोळी ज्यांना डॉक्टरांनी लिहून दिली आहे त्यांनी ती बसूनच घ्यावी, कारण तिने रक्तदाब उतरतो. शेजाऱ्याची गोळी घेऊ नये.

मधुमेहींसाठी यात्रेत दोन सापळे आहेत. पहिला उपवास. एकादशीला पोटात काही नाही, सकाळची गोळी किंवा इन्सुलिन मात्र घेतलेले, आणि वर चढाचे श्रम! साखर झपाट्याने उतरते. हात थरथरतात, बोलणे असंबद्ध होते. उपवास करायचाच असेल तर औषधाची मात्रा आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी आणि खिशात साखर ठेवावी. दुसरा सापळा अनवाणी चढण्याचा नवस. पायाची संवेदना कमी झालेल्या माणसाला खडा रुतल्याचे कळत नाही. आठवड्याने जखम चिघळते तेव्हा कळते. देवळाच्या दारापर्यंत चप्पल घालावी. देव रागावणार नाही.

आपल्या भागात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत, म्हणून हेही सांगतो. ज्यांना प्रत्यक्ष आजार आहे त्यांना दमणूक, पाण्याची कमतरता आणि थंडी, तिन्हींमुळे हाडे-सांधे ठणकण्याचा झटका येऊ शकतो. त्यांनी पहाटे तलावाच्या गार पाण्यात आंघोळ टाळावी, घोटघोट पाणी पीत राहावे आणि गरम कपडे न्यावेत. नुसते वाहक असलेल्यांना सहसा त्रास होत नाही. पण भर उन्हात, तहानलेल्या अंगाने धावत चढण्याची पैज त्यांनीही लावू नये.

चढणे हृदयाचे काम, तर उतरणे गुडघ्यांचे. पायरी उतरताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या तिप्पट आणि त्याहूनही जास्त भार येतो. त्यामुळे वर हसत गेलेल्या आजी खाली रडत येतात. एक साधी रीत लक्षात ठेवावी: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. मांड्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठणकल्या तर घाबरू नये. ते स्नायूंचे दुखणे आहे, आपोआप थांबते.

तयारी म्हणाल तर चार आठवडे पुरेत. आपल्या गावच्या तलावाच्या पाळीवर रोज अर्धा तास चालावे, शेवटच्या दोन आठवड्यांत घरच्या किंवा शाळेच्या जिन्यावर पाच-सहा फेऱ्या वाढवाव्यात. एवढे दम न कोंडता जमले तर गड चढायला माझी हरकत नाही. गेल्या काही महिन्यांत हृदयविकाराचा झटका आलेल्यांनी, पायांवर सूज असलेल्यांनी आणि रक्तदाब ताब्यात नसलेल्यांनी मोटाररस्त्यानेच जावे. दर्शन तेच होते. रक्तदाबाची सकाळची गोळी 'प्रवास आहे' म्हणून चुकवू नये.

वरच्या वानरांना फुटाणे-केळी हातातून देऊ नयेत. चावा किंवा ओरखडा झालाच तर जखम वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, हळद-चुना लावू नये, आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात रेबीजच्या लशीची चौकशी करावी.