पंखा नसलेला संगणक, कुलर असलेलं घर

टीव्हीजवळ ठेवायचा संगणक आवाज करणारा नको, एवढी एकच अट घेऊन माणूस दुकानात जातो. दुकानदार तळहातावर मावेल असा अ‍ॅल्युमिनियमचा डबा पुढे ठेवतो आणि म्हणतो, ह्यात पंखाच नाही, आवाज येणार कुठून? त्याचं म्हणणं खरं असतं. पण पंखा गेला तरी चिपमध्ये उष्णता तेवढीच तयार होते; तिला बाहेर ढकलणारं कोणी उरत नाही. थंड देशांतल्या परीक्षणांमध्ये अशा डब्यांना भरभरून गुण मिळतात, कारण ती परीक्षणं 22-23 अंशांच्या खोलीत झालेली असतात. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी बाहेर 45 अंश असताना, वीज गेल्यामुळे कुलर बंद पडलेला असताना आमच्या हॉलमध्ये काय होईल, ते त्यांत सापडत नाही. म्हणून हा संगणक मी आधी हिवाळ्यात कानानं तपासला आणि मग उन्हाळ्यात हातानं. दोन्ही ऋतू पाहिल्याशिवाय त्याच्याबद्दल मत देणं मला पटत नव्हतं.

आत इंटेलचा एन100 हा प्रोसेसर आहे. जानेवारी 2023 मध्ये आलेली ही चिप, चार कोअरची, कागदोपत्री 6 वॉटची. तिची खरी किंमत तिच्यातल्या व्हिडिओ डीकोडरमध्ये आहे. एच.264, एचईव्हीसी, व्हीपी9 आणि एव्ही1 हे चारही प्रकार ती त्या कामासाठीच बनवलेल्या भागातून उलगडते. त्यामुळे 4K सिनेमा चालू असतानाही मुख्य कोअर जवळजवळ रिकामे बसलेले असतात. तेच काम चुकून सॉफ्टवेअरच्या वाट्याला गेलं की चारही कोअर पूर्ण जोरात धावायला लागतात आणि डबा पाच-दहा मिनिटांत तापतो. कोडी ह्या प्लेअरमध्ये सिनेमा चालू असतानाच ही माहिती पडद्यावर आणता येते: डीकोडर कोणता, हार्डवेअरचा की सॉफ्टवेअरचा. आवाजाची चौकशी करण्याआधी मी ती ओळ बघतो. ज्या डब्याला पंखा नाही, त्याचं सगळं भवितव्य त्या ओळीवर अवलंबून असतं.

पण मुळात संगणक हवाच कशाला? आजच्या टीव्हीत ओटीटी आहे, यूट्यूब आहे. फक्त तेवढंच बघायचं असेल तर संगणक घेऊ नये, असंच मी सांगेन. संगणकावर लिनक्स असेल तर त्यावरच्या ब्राउझरला बऱ्याच ओटीटी सेवा पूर्ण 4K चित्र देत नाहीत, कारण त्यांना चित्राला लावलेलं कुलूप उघडण्याचं काम हार्डवेअरच्या सुरक्षित कप्प्यातच व्हायला हवं असतं. तिथे टीव्हीतलं अ‍ॅप सरस ठरतं. संगणकाची गरज पडते ती टीव्हीला जे कळत नाही त्यासाठी. आमच्या घरी मराठी नाटकांच्या व्हीसीडींचा एक खोका आहे. एका तबकडीत साधारण 74 मिनिटं मावायची, म्हणून तीन अंकी नाटक दोन-तीन तबकड्यांत विभागलेलं. चित्र 352 बाय 288 ठिपक्यांचं, एमपेग-1 मधलं, आणि फाइलचं नाव .डीएटी. ह्या फाइली पेन ड्राइव्हवर घेऊन टीव्हीला लावल्या तर तो त्या दाखवत नाही. कोडी दाखवतं. यूएसबीची साधी डीव्हीडी ड्राइव्ह लावून सगळ्या तबकड्या संगणकावर उतरवून घेता येतात, आणि त्या उतरवायला हव्यात. व्हीसीडीचा चकचकीत थर वरच्या बाजूला असतो, लेबलच्या लगेच खाली. तिथे ओरखडा गेला की मजकूर कायमचा गेला. आमच्या खोक्यातल्या काही तबकड्यांचा थर कडेनं सुटायला लागला आहे. ह्यातली कितीतरी नाटकं पुन्हा कुठे विकत मिळण्याची शक्यता मला दिसत नाही. संगणकाच्या बाजूनं माझं सगळ्यांत मोठं कारण हेच आहे.

आता आवाजाची परीक्षा. उन्हाळ्यात नागपूरच्या घरात ती होऊच शकत नाही. कुलरची मोटर, पाण्याचा पंप, वर छताचा पंखा, एवढ्या गदारोळात संगणकाचा बारीक आवाज बुडून जातो. डिसेंबरच्या रात्री पंखे बंद, खिडक्या बंद, रस्ता शांत असतो, तेव्हा खरं काय ते कळतं. मोबाइलवरच्या आवाज मोजणाऱ्या अ‍ॅपवर भिस्त ठेवू नये. शांत खोलीतला आवाज 30 डेसिबलच्या आसपास उतरला की मोबाइलच्या माइकचा स्वतःचाच खरखराट त्याला मोजायला मिळतो. इथे कान जास्त प्रामाणिक आहे. फ्रिजचा कॉम्प्रेसर थांबेपर्यंत वाट पाहायची, टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करायचा, चालू सिनेमा मध्येच थांबवायचा आणि सोफ्यावर आपल्या नेहमीच्या जागी बसायचं. मग उठून डब्याजवळ कान न्यायचा.

तुलनेसाठी त्याच चिपचा पंखेवाला डबाही मी टीव्हीजवळच्या त्याच शोकेसमध्ये ठेवून ऐकला. त्याचा पंखा अगदी लहान. लहान पात्यांना पुरेशी हवा हलवायची तर खूप जोरात फिरावं लागतं, आणि जोरात फिरणारा लहान पंखा घोंघावत नाही, चिरका सूर काढतो. छताच्या पंख्याचा आवाज त्याच्याहून कितीतरी मोठा असतो, पण तो पसरट असतो, कान त्याला विसरतो. एकाच पट्टीतला बारीक सूर कान विसरत नाही. त्यातही तो पंखा दर काही मिनिटांनी वाढायचा आणि उतरायचा. नाटकातल्या एखाद्या लांबलेल्या शांततेत तो चढला की लक्ष तिकडेच जायचं.

बिनपंख्याच्या डब्यातून सोफ्यावर काहीच ऐकू आलं नाही. जवळ कान नेल्यावर मात्र मेनू वरखाली केला की एक सूक्ष्म किरकिर येत होती. विद्युतदाब नियंत्रित करणाऱ्या सर्किटमधली वेटोळी कंप पावतात, त्याचा हा आवाज. हातभर अंतरावर तो संपतो. खरा गोंगाट निघाला तो नाटकं साठवण्यासाठी लावलेल्या मोठ्या हार्ड डिस्कचा. साडेतीन इंची डिस्क फिरते, तिचा कंप फळीत उतरतो आणि सगळं शोकेस गुंजायला लागतं. डिस्कखाली रबराचा जाड तुकडा ठेवल्यावर गुंजन गेलं, डोकं सरकण्याची खरखर राहिली. सिनेमे आणि नाटकं एसएसडीवर ठेवली तेव्हाच हॉल शांत झाला. ज्यांचा संग्रह मोठा आहे त्यांनी मोठी डिस्क दुसऱ्या खोलीत, राउटरजवळ ठेवावी आणि तारेच्या नेटवर्कनं जोडावी. 4K सिनेमालाही साधी गिगाबिट केबल पुरून उरते.

मग मार्च सरला. बिनपंख्याच्या डब्याचा हिशेब सरळ आहे: ठराविक काम करताना चिप खोलीपेक्षा ठराविक अंशांनी जास्त तापते, आणि खोली जितकी चढेल तितकी चिपही जवळपास तितकीच चढते. जानेवारीत 24 अंशांच्या हॉलमध्ये जो आकडा साठीच्या आसपास होता, तो 37 अंशांच्या हॉलमध्ये सत्तरी ओलांडणारच. चिपची स्वतःची मर्यादा 105 अंश आहे, त्यामुळे चिपला धोका नाही. काळजी तिच्या शेजाऱ्यांची. पातळ एम.2 एसएसडी त्याच बंद डब्यात असते आणि फार तापली की ती आपला वेग उतरवते. कपॅसिटरच्या बाबतीत तर इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्त करणारा प्रत्येक माणूस सांगेल की दर 10 अंशांच्या वाढीला आयुष्य सुमारे निम्म्यावर येतं. उन्हाळाभर 15 अंश जास्त तापलेला डबा त्या वर्षी बंद पडणार नाही, पण त्याची वर्षं कमी होतील.

आमच्या शोकेसला काचेचं दार आहे, मागे प्लायवुड. डबा तिथे ठेवला आणि दार लावून सिनेमा चालवला, तेव्हा तापमान चढत गेलं आणि दोन तासांनीही चढतच होतं. आतली हवा तापत होती आणि तीच हवा पुन्हा डब्याला मिळत होती. ह्यासाठी पूर्ण लांबीचा सिनेमा चालवून पाहावा लागतो. दहा मिनिटांच्या चाचणीत अ‍ॅल्युमिनियमचं वजनच उष्णता शोषून घेतं आणि सगळं छान वाटतं. दार उघडं ठेवल्यावर आकडा उतरला. डबा आडवा न ठेवता, पंखांसारख्या पट्ट्या उभ्या राहतील असा टीव्हीमागे भिंतीवर पट्टीनं टांगला, तेव्हा आणखी उतरला. गरम हवा वर जाते. पट्ट्या उभ्या असतील तर ती त्यांच्यामधून वाहत जाते आणि खालून ताजी हवा ओढली जाते. त्यासाठी भिंतीपासून चार बोटांची मोकळी जागा पुरते.

आणखी एक गोष्ट बायोसमध्ये सापडते. कागदावर 6 वॉटची असलेली ही चिप अनेक डब्यांत 10-15 वॉट किंवा त्याहूनही जास्त खाईल अशी मोकळी सोडलेली असते, कारण त्यामुळे वेगाच्या चाचणीत आकडे चांगले येतात. सिनेमा बघायला त्याचा उपयोग नाही. जिथे ही मर्यादा बदलता येते तिथे मी ती खाली आणतो. मेनू क्षणभर संथ वाटतो, चित्रात काही फरक पडत नाही, आणि डब्याला हात लावल्यावर तो फक्त कोमट लागतो. घरात लहान मूल असेल तर डब्याच्या पृष्ठभागाकडेही बघावं. 50 अंशांच्या धातूवर हात ठेवून राहवत नाही, 60 ला चटका बसतो.

धुळीच्या बाबतीत बिनपंख्याचा डबा निर्विवाद श्रेष्ठ आहे, आणि आपल्याकडे मला हा मुद्दा आवाजाइतकाच महत्त्वाचा वाटतो. पंखा हवेबरोबर धूळ, केस, गादीतल्या कापसाचे तंतू आत ओढतो. वर्षभरात पात्यांमागच्या जाळीवर लोकरीसारखा थर बसतो, हवा अडते, पंखा आणखी जोरात फिरतो. बिनपंख्याच्या डब्याच्या पट्ट्या कोरड्या ब्रशनं झाडल्या की काम झालं.

चित्राच्या परीक्षेत सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं ते वेगाकडे. सिनेमा सेकंदाला 24 चौकटींचा, आपलं जुनं दूरदर्शन आणि व्हीसीडी 25 चौकटींच्या, आणि संगणक टीव्हीला सहसा 60 चा संकेत पाठवतो. 24 चौकटी 60 मध्ये बसवायच्या तर एक चौकट दोनदा आणि पुढची तीनदा दाखवावी लागते, आणि कॅमेरा संथपणे बाजूला वळला की चित्र अडखळतं. 25 ची तर 60 शी मुळीच जुळणी होत नाही. कोडीमध्ये चित्राच्या वेगाप्रमाणे टीव्हीचा वेग बदलण्याची सोय आहे, पण ती सुरुवातीला बंद असते. ती चालू केल्यावर नाटकाच्या व्हीसीडीला टीव्ही 50 वर जातो, प्रत्येक चौकट नेमकी दोनदा दिसते आणि रंगमंचावर चालणारं पात्र सरळ चालतं. हे ज्याला एकदा दिसलं त्याला नंतर अडखळणं सहन होत नाही.

व्हीएचएसवरून उतरवलेली लग्नाची कॅसेट ही त्याहून कडक परीक्षा. तिच्यात प्रत्येक चौकट एकाआड एक ओळींच्या दोन भागांत विभागलेली असते. नीट जोडली नाही तर अक्षता टाकणाऱ्या प्रत्येक हाताच्या कडेला कंगव्यासारख्या रेषा येतात. डीइंटरलेसिंग योग्य पद्धतीवर ठेवलं की सेकंदाला 50 वेगळी चित्रं मिळतात आणि ती कॅसेट तिच्या काळच्या टीव्हीवर जितकी सहज वाटायची तितकीच सहज वाटते. नवा 4K सिनेमा तर ह्या किमतीचा कुठलाही डबा चालवतो. जुन्या, वेड्यावाकड्या फाइलींवर पारख करावी. त्याच वेळी फाइलींची नावं देवनागरीत लिहून जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी पडद्यावर जागच्या जागी येतात का, तेही बघावं. आईला नाटकाचं नाव वाचता आलं नाही तर बाकीचं सगळं वाया.

तिच्यासाठी रिमोटचा प्रश्नही महत्त्वाचा होता. टीव्हीच्याच रिमोटनं जोडलेलं यंत्र चालवण्याची सोय एचडीएमआयमध्ये सीईसी नावानं आहे, पण इंटेलच्या ह्या लहान संगणकांत ती बहुधा जोडलेली नसते. रास्पबेरी पाय ह्या छोट्या संगणकात ती असते, आणि ज्यांचा संग्रह छोटा आहे त्यांना मी आधी पायच सुचवतो. मात्र रास्पबेरी पाय 5 मध्ये एच.264 उलगडणारं हार्डवेअर काढून टाकलेलं आहे, एव्ही1 साठीही नाही, म्हणजे ते काम कोअरवर आणि उष्णतेवर जातं. आम्ही इंटेलच्या डब्याला यूएसबी रिसीव्हर असलेला साधा रिमोट लावला: बाण, ओके, मागे, आवाज. ह्याहून जास्त बटणं लागत नाहीत.

वीज गेली की इन्व्हर्टर भार उचलेपर्यंत क्षणभर प्रवाह तुटतो आणि संगणक बंद पडू शकतो. प्रवाह परत आला की आपोआप सुरू व्हावं, अशी निवड बायोसमध्ये असते. ती करून ठेवली नाही तर भिंतीवरच्या डब्याचं बटण शोधायला कोणाला तरी टीव्हीमागे हात घालावा लागतो. इन्व्हर्टरवर त्याचा भार नगण्य आहे. दिवसरात्र चालू राहिला आणि सरासरी 8 वॉट खाल्ले असं धरलं, तरी वर्षाला साधारण 70 युनिट होतात. ह्या डब्यांचा अडॅप्टर बहुतेक वेळा 12 व्होल्टचा असतो, आणि विजेच्या चढउतारांत आधी तोच जातो. म्हणून घेतानाच पिनची जाडी, व्होल्ट, अँपिअर आणि पिनच्या आतला ध्रुव धन की ऋण, हे डब्याच्या तळाशी चिकटवलेल्या चिठ्ठीवरून टिपून घ्यावं आणि त्याच मापाचा दुसरा अडॅप्टर घरात आणून ठेवावा.