बाळंतिणीची डोकेदुखी

बाळंतिणीचे डोके दुखू लागले, की ‘वारा लागला’ म्हणून आपल्या घरांतून कान बांधले जातात, कपाळाला सुंठीचा लेप लागतो. बहुधा दुखणे साधेच असते. परंतु मेंदूतील रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या शिरांत गुठळी झाली, तरी आरंभ असाच होतो. म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे.

प्रसूतीनंतर सहा आठवडे रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते. बाळंतिणीला पाणी बेतानेच देण्याची जुनी रीत (ती आम्हांस कधीच पटली नाही) त्यात भर घालते. डोकेदुखी दिवसागणिक वाढते, आडवे होताच किंवा खोकताना बळावते. उलट्या होतात, दृष्टी अंधूक होते. पुढे आकडी येते, हातपाय लुळा पडतो. धमनी तुंबून होणारा पक्षाघात बहुधा क्षणात कोसळतो; हा मात्र अनेकदा दिवसेंदिवस दबा धरून येतो, आणि तेथेच निदान चुकते.

साधा सी. टी. स्कॅन पुष्कळदा निर्दोष दिसतो व घरची मंडळी निश्चिंत होतात. शिरांचे चित्र दाखविणारी एम. आर. किंवा सी. टी. व्हेनोग्राफी हवी. डॉक्टरांना प्रसूतीची तारीख आवर्जून सांगावी.

निदान झाले, की गुठळी वाढू नये म्हणून हेपॅरिन देतात. तिच्यामुळे मेंदूत रक्तस्राव झालेला असला तरीही! वाचकांना हे विपरीत वाटेल. १९९१ साली जर्मनीत अवघ्या २० रुग्णांवर झालेल्या चाचणीने या उपचाराला बळ दिले, आणि आज तोच रूढ आहे.