हिरव्या डब्यातली मासळी : मत्स्यालयासाठी वनस्पतिजन्य खाद्य निवडताना

तेलुगूत 'नल्ल' म्हणजे काळे आणि 'कुंटा' म्हणजे लहानसे तळे. हैदराबादमधील नल्लकुंटा हे नाव असे पाण्याचे असले, तरी आज ही वस्ती ओळखली जाते ती शृंगेरीच्या शंकरमठामुळे, फीवर हॉस्पिटलमुळे आणि दाटीने उभ्या असलेल्या घरांमुळे. त्यांतलेच एक घर माझ्या मावशीचे. तिच्या स्वयंपाकघरात मासळी कधी शिजली नाही. आम्हा गोमंतकीय नातलगांचे जेवण हा तिथे जुना थट्टेचा विषय आहे.

मावसभावाच्या मुलाने मत्स्यालयाचा हट्ट धरला, तेव्हा मावशीने एकच अट घातली, 'मासे आणा, पण त्यांचे खाणे शाकाहारी हवे.' दुकानदाराने हिरव्या रंगाचा, वर पानाचे चित्र आणि ठळक अक्षरांत 'स्पिरुलिना' असे लिहिलेला डबा दिला. तो माझ्यासमोरच उघडला गेला. सुक्या मासळीचा वास ओळखायला गोव्याच्या माणसाला लेबल वाचावे लागत नाही. तरीही वाचले. पहिला घटक मासळीची भुकटी, दुसरा गव्हाचे पीठ, मग कोळंबीची भुकटी आणि बऱ्याच खाली स्पिरुलिना. मावशीने डबा शांतपणे झाकून गॅलरीत ठेवला.

यात फसवणूक झाली असे म्हणता येत नाही, कारण 'स्पिरुलिनायुक्त' याचा अर्थ 'त्यात स्पिरुलिना आहे' एवढाच होतो. हिरव्या ठिपक्याचा नियम माणसांच्या वेष्टित अन्नासाठी आहे. माशांच्या डब्यावर तो शोधू नये. म्हणूनच डब्याची पुढची बाजू सोडून मागची वाचावी. घटक सहसा वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. खरोखर वनस्पतिजन्य खाद्यात पहिल्या तीन-चार नावांत स्पिरुलिना, क्लोरेला, समुद्रशैवाल, सोयाबीन, वाटाणा किंवा यीस्ट यांपैकी काही दिसले पाहिजे. (काटेकोर बोलायचे तर स्पिरुलिना ही वनस्पती नव्हे, तो सूक्ष्मजीवांचा एक प्रकार आहे, पण मावशीच्या अटीला त्याने बाध येत नाही.) फिश मील, श्रिम्प, क्रिल, स्क्विड, फिश ऑइल यांपैकी एक शब्द आढळला तरी खाद्य शाकाहारी नाही, हे निश्चित.

मात्र मासळी नाही एवढ्यावरून खाद्य चांगले ठरत नाही. फ्लेक कसे तयार होतात हे पाहिले की कारण कळते. गेल्या शतकाच्या पाचव्या दशकानंतर जर्मनीत उलरिख बेन्श यांनी हे खाद्य घरोघरी पोहोचवले. रीत अजून तीच आहे. घटकांचे पातळ पीठ फिरत्या तापलेल्या पिंपावर पसरतात, ते क्षणात सुकते आणि पात्याने खरवडून त्याचे तुकडे करतात. आपल्या घावनाचाच हा कोरडा भाऊ. पीठ चिकटून राहावे म्हणून त्यात पिष्ट लागतेच. प्रश्न प्रमाणाचा असतो. गव्हाचे पीठ, मक्याचे पिष्ट, तांदळाचा कोंडा अशी वेगवेगळी नावे यादीत विखुरलेली असली, तर त्यांची मनातल्या मनात बेरीज करावी. माशांना पिष्टमय पदार्थ फारसे मानवत नाहीत. सुक्या स्पिरुलिनात सुमारे ६० टक्के प्रथिने असतात. तेव्हा 'वनस्पतिजन्य' म्हणवणाऱ्या डब्यावर प्रथिने ३० टक्क्यांहून कमी दिसली, तर आपण बहुधा रंगवलेले पीठ विकत घेत आहोत असे समजावे.

जीवनसत्त्व 'क' बहुतेक माशांना शरीरात तयार करता येत नाही आणि उष्णतेने ते लवकर नष्ट होते. यादीत त्याचे टिकाऊ रूप, 'अ‍ॅस्कॉर्बिल फॉस्फेट' किंवा तत्सम नाव, दिसले तर उत्पादकाने विचार केला आहे असे मानायला हरकत नाही.

आता मुख्य मुद्दा. अट खाद्यावर घालण्याआधी ती माशाच्या निवडीवर घालायला हवी होती. मावशीच्या टाकीत चार मॉली होत्या आणि शेजारच्या बरणीत एक फायटर. मॉली निसर्गात शेवाळ खरवडून खाते, तिचे आतडे लांब असते. गप्पी, प्लॅटी, सोर्डटेल यांनाही शेवाळयुक्त खाद्य मानवते. मलावी सरोवरातील खडकांवरचे बहुतेक एम्बुना सिक्लिड शेवाळावरच जगतात. पिरान्हाच्याच कुळातला सिल्व्हर डॉलर तर टाकीतली झाडे फस्त करतो. गोल्डफिश सर्वभक्षी आहे. त्याला जठरच नसते, म्हणून थोडे-थोडे आणि तंतुयुक्त खाणे त्याला बरे. फायटर मात्र कीटकांवर आणि डासांच्या अळ्यांवर जगणारा शिकारी आहे. त्याला हिरव्या खाद्यावर ठेवणे म्हणजे आपल्या व्रताचा उपवास त्याला घडवणे. तो लगेच मरत नाही, झुरतो. एंजल आणि निऑन टेट्रा यांचेही तसेच. हे मावशीला सांगताना मला अवघड गेले. तिने मात्र फार वेळ घेतला नाही. 'मग तो आपल्या घरचा नव्हे,' म्हणाली, आणि बरणी शेजाऱ्यांकडे गेली.

गोव्यातील वाचकांसाठी दोन गोष्टी वेगळ्या सांगायला हव्यात. हैदराबादच्या बोअरचे पाणी बहुधा जड असते आणि मॉलीला तेच आवडते. आपल्याकडे जांभ्या दगडातल्या विहिरींचे पाणी मऊ, किंचित आम्लधर्मी असते. त्यात मॉली जागच्या जागी थरथरू लागली, तर दोष खाद्याला देऊ नये. तिसऱ्यांच्या उकळून स्वच्छ केलेल्या शिंपल्यांचा चुरा फिल्टरमध्ये ठेवल्यास पाणी हळूहळू जड होते. दुसरी गोष्ट पावसाची. फ्लेकचा पृष्ठभाग मोठा, त्यामुळे हवा आणि ओल दोन्ही त्याला लवकर लागतात. मोठा डबा स्वस्त पडतो खरा, पण जूनमध्ये उघडलेला डबा गणपतीपर्यंत बुरसतो. लहान डबा घ्यावा, तारीख पाहावी, तीन-चार महिन्यांत संपवावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत सुटे भरून विकले जाणारे फ्लेक कितीही हिरवे दिसले तरी घेऊ नयेत. त्यांच्यावर ना तारीख असते, ना घटकांची यादी.

दोन मिनिटांत संपेल एवढेच घालावे. सोललेला उकडलेला वाटाणा, पालकाचे वाफवलेले पान, काकडीची चकती ही जोड आठवड्यातून एक-दोनदा पुरे; उरलेले तासाभरात काढून टाकावे, नाहीतर पाणी नासते. निरोगी मोठ्या माशांना आठवड्यातून एक दिवस काहीच न देणे हितकारक असते. त्या दिवशी मॉली मागच्या काचेवरचे शेवाळ खरवडतात, म्हणून ती काच घासायची नाही असे नल्लकुंट्याच्या त्या घरात आता ठरले आहे. उपवासाचा वार निवडताना मावशीने गुरुवार सांगितला. तिचाही तोच असतो.